बारा बोअरमधले मर्ल

मर्ल हॅवरकॅम्प घरी परत आले ते दहा खोक्यांतून.

एका खोक्यात पंचवीस काडतुसे. प्रत्येक खोक्यावर नेमबाजी क्लबच्या चिटणिसाने निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात त्यांचे नाव लिहिले होते. सगळ्यात वरच्या खोक्याला एक चिठ्ठी चिकटवलेली: ‘अर्डिथवहिनी, मर्ल सगळेच्या सगळे आत आहेत. एक कणही सांडू दिला नाही. आम्ही स्पर्धेला निघालोय, मंगळवारी परत येऊ. पहिली फेरी त्यांच्या नावाने.’

अर्डिथचा सकाळचा नेम नुकताच झाला होता. नदीकडच्या खिडकीत उभे राहून एक स्तोत्र वाचायचे, लिडियाचे नाव घ्यायचे आणि मगच तोंडात पाणी घ्यायचे, हे गेली पंचावन्न वर्षे चुकले नव्हते. प्रसूतीच्या दवाखान्यात नाही, मर्ल गेले त्या सकाळीही नाही. पाण्याचा पेला हातात घेऊन ती पडवीत आली आणि तिला ही खोकी दिसली. तिने चिठ्ठी दोनदा वाचली. दोन्ही वेळा ती ‘सगळेच्या सगळे’वर अडली.

ती मर्लच्या राखेच्या एका डब्याची वाट पाहत होती. आज लिडियाचा वाढदिवस. नऊ दिवसांची होऊन गेलेली त्यांची पोर नदीपलीकडे इलिनॉयमध्ये, झायन चर्चच्या टेकडीवर, मर्लच्या माणसांत झोपलेली होती. ‘मी हिच्या शेजारी येईन,’ असे मर्लनी त्या दिवशी ओल्या मातीत गुडघे टेकून सांगितले होते. आज दुपारी चार वाजता तो शब्द पुरा व्हायचा होता. पास्टर ओटिएनोंनी खड्डा खणून ठेवला होता. उद्या पहाटे ते महिनाभरासाठी आईला भेटायला केनियाला निघणार होते.

“ड्वेन,” तिने आत हाक मारली. आवाज चढवलाच नाही. तो तसाही तिला चढवता येत नसे. “तू क्लबच्या लोकांना काय सांगितलं होतंस?”

ड्वेन त्रेपन्न वर्षांचा. डोक्यावरची टोपी काढून तो खोक्यांकडे बघत राहिला.

“बाबा म्हणाले होते ना दवाखान्यात. मला बारा बोअरच्या बंदुकीत भर आणि नदीवर उडव. मी म्हटलं, बाबांना भरा.”

“थोडेसे भरा म्हणालास की सगळे?”

“थोडेसेच मनात होतं.”

“मनात होतं.”

“डबाच देऊन टाकला गं मी. म्हटलं, ते त्यातून काढून घेतील चमचाभर.”

“क्लबवाले कधी काही अर्धवट करतात का?”

ड्वेनने मान हलवली. क्लबवाले अर्धवट करत नाहीत. मागे पतंग अडकला म्हणून मदतीला बोलावले, तर त्यांनी झाडच पाडले होते.

*

व्हर्जिल आला तेव्हा साडेनऊ झाले होते. मर्लचा हा धाकटा भाऊ एकतीस वर्षे काउंटीच्या कोर्टात कारकून होता. निवृत्तीनंतरही तो टाय बांधल्याशिवाय कोणाच्या घरी जात नसे. हातात फाइल होती. स्वयंपाकघरात अर्डिथची मुलगी मार्लिस डाव्या हाताने कॉफी ओतत होती. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. गेल्या आठवड्यात वडिलांच्या शेडमध्ये त्यांचे कपडे आवरायला गेली असताना खिळ्यांच्या एका डब्यावरून ती घसरली होती. शेडमध्ये खिळ्यांचे सतरा डबे होते. एवढे खिळे मर्लनी कशाला जमवले, कोणालाच माहीत नव्हते. दर गुरुवारी ते पूल ओलांडून क्विन्सीला खिळे आणायला जात आणि दर गुरुवारी खिळे घेऊन येत.

व्हर्जिलने टेबलावरची खोकी पाहिली आणि तो दारातच थांबला.

“वहिनी, ही आत कोणी आणली?”

“मी. एकेक करून.”

“हात लावू नका त्यांना.”

“सत्तावन्न वर्षं लावलाय हात.”

“तेव्हा तो दारूगोळा नव्हता.”

मार्लिस हसली, मग हसू आवरत खाली बसली. व्हर्जिलने फाइल उघडली. आत कायद्याच्या पानांच्या प्रती होत्या, रेघा मारलेल्या. या दिवसाची तो आयुष्यभर वाट पाहत होता, असे मार्लिसला क्षणभर वाटून गेले. मग तिला त्याची दयाही आली. एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या भांडणांवर शिक्के मारले, आणि आज कुठे घरात काही झाले होते.

“तुम्ही त्या चघळायच्या गोळ्या घेता,” व्हर्जिल म्हणाला. “पीच चवीच्या.”

“माझ्या बोटांसाठी घेते. दुकानातून. उघड.”

“आपल्या मिझुरीत उघड. राज्याचा कायदा म्हणतो, घ्या. केंद्राच्या कायद्यात गांजा अजून गांजाच आहे. जो तो घेतो त्याने बंदूक बाळगायची नाही आणि काडतूसही बाळगायचं नाही. एकही नाही. इथे अडीचशे आहेत.”

“मी बंदूक मागतेय का? मी नवरा मागतेय.”

“नवरा आत आहे, वहिनी. बाहेरून ते काडतूसच.”

अर्डिथने आपल्या बोटांकडे पाहिले. सकाळी ती मुळांसारखी वाकडी झालेली असत, दहापर्यंत जरा सरळ होत. “आजपासून बंद करते मग.”

“किती दिवस बंद केल्यावर माणूस घेणारा राहत नाही, ते धड कुठे लिहिलेलं नाही. मी खूप शोधलं.”

“तुम्ही का शोधलंत, काका?” मार्लिसने विचारले.

व्हर्जिलने पान उलटले.

“मी उचलतो,” ड्वेन म्हणाला.

“तुला तर मुळीच चालणार नाही. ग्रेडर विसरलास?”

ग्रेडर कोणीच विसरले नव्हते. एक्क्याण्णवच्या जानेवारीत, गुडघाभर बर्फात, एकवीस वर्षांच्या ड्वेनने काउंटीच्या आवारातून रस्ता सपाट करायचा तो पिवळा राक्षस काढला आणि अकरा मैल चालवत नेला. का, तर एका मुलीला नाचाला घेऊन जायचे होते. वाटेतला सगळा बर्फ त्याने बाजूला केला. त्या रात्री त्याच रस्त्याने दोन रुग्ण दवाखान्यात पोचले आणि एका बाईने साक्षीत त्याचे आभारही मानले. तरी चोरी ती चोरीच. गुन्हा मोठ्या कलमाखाली नोंदला गेला. कैद माफ झाली, डाग राहिला आणि बंदूक-काडतुसाची मनाईही.

“मी रस्ता साफ केला होता,” ड्वेन म्हणाला. गेली बत्तीस वर्षे तो हे एकच वाक्य म्हणत आला होता.

“मग मी,” मार्लिस म्हणाली. “मी काही घेत नाही, काही चोरलेलं नाही.”

“मिझुरीत तू बाळगू शकतेस. पण तू इलिनॉयची रहिवासी. पुलाचा अर्धा भाग ओलांडलास की त्या राज्यात काडतूस बाळगायलाही राज्याचं कार्ड लागतं. आहे तुझ्याकडे?”

“मी सातवीला भूगोल शिकवते.”

“म्हणजे नाही.”

“मग इथेच उघडू. बाबांना बाहेर काढू आणि डब्यात घालून नेऊ. राख तर कायद्यात बसत नाही ना?”

व्हर्जिलने पाने चाळली. “राख बसत नाही,” तो कबूल झाला, थोड्या नाखुशीनेच. “आतली बंदुकीची दारू बसते, मागची टोपी बसते. राख फक्त राख. पण उघडेपर्यंत उघडणाऱ्याच्या हातात काडतूसच असणार. शिवाय चाकू लागेल, आणि ती टोपी दाबली गेली तर फुटते.”

तिघांनीही मार्लिसच्या प्लास्टरकडे पाहिले.

“डाव्या हाताने मला धड कॉफीसुद्धा ओतता येत नाहीये,” ती म्हणाली.

“पास्टर?” अर्डिथने विचारले.

“तात्पुरत्या व्हिसावर आहेत. त्यांनाही मनाई.”

“शेजारचे?”

“ते तुमच्या गोळ्यांच्याच दुकानात असतात,” व्हर्जिल म्हणाला. “दर शुक्रवारी.”

अर्डिथने हळूच विचारले, “व्हर्जिल, दर शुक्रवारी ते तिथे असतात हे तुला कसं ठाऊक?”

व्हर्जिलने टायची गाठ सैल केली. त्याचे कान लाल झाले होते.

“माझे गुडघे,” तो म्हणाला. “दुकानात मी आत जात नाही. बाहेर गाडीतच बसून राहतो आणि परत येतो. मग तुमच्याकडे चहाला येतो आणि तुमच्या डब्यातली एक घेतो. कधी दोन.”

“तरीच माझा डबा महिन्याच्या आत संपतो.”

“मी कोर्टात होतो, वहिनी. मला तिथे रांगेत कोणी पाहिलं तर?”

अर्डिथ उठली, कपाटातून गोळ्यांचा डबा काढून तिने त्याच्यापुढे ठेवला. तो नको म्हणाला. मग त्याने एक घेतली.

*

त्यानंतरचा तास मर्लना ठेवायचे कुठे, यात गेला. घर अर्डिथचे, म्हणजे घरात असलेले काडतूस तिच्याच ताब्यातले. पडवीही तिची. ड्वेनचा ट्रक ड्वेनचा. ड्वेन वैतागून म्हणाला, मग टपालपेटीत ठेवू, ती तर रस्त्यावर आहे. त्यावर व्हर्जिलला खुर्ची धरावी लागली. टपालपेटी केंद्राच्या अखत्यारीतली. तिच्यात तिकीट न लावलेली वस्तू ठेवायची नाही आणि काडतूस तर तिकीट लावूनही नाही.

शेवटी मार्लिसने डाव्या हाताने, एकेक करून, दहा खोकी आपल्या गाडीच्या मागच्या भागात ठेवली. बाकी तिघे हात मागे बांधून उभे होते. कोणी मदत करत नाही म्हणून तिला राग येत होता आणि कोणावर काढावा हे कळत नव्हते. लहानपणी बाबा तिला दोन्ही हातांनी उचलून गाडीत बसवायचे. आज ती त्यांना एका हाताने ठेवत होती, आणि प्रत्येक खोके तिला वाटले त्यापेक्षा जड लागत होते.

“गाडी पुलाच्या दिशेने तोंड करून उभी ठेवू नकोस,” व्हर्जिल म्हणाला. “हेतू दिसतो.”

“काका, गाडीला हेतू नसतो.”

“तुला असतो ना.”

तिने गाडी वळवून लावली.

साडेअकरा वाजले. अर्डिथ पायरीवर बसली होती. तिने काही खाल्ले नव्हते. ताटातले सॉसेज तसेच होते. ड्वेन तिच्या शेजारी बसला.

“आई, एक माणूस आहे. दोन्हीकडचे कागद स्वच्छ असलेला.”

“कोण?”

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. “डार्लाकडे कार्ड आहे. मी पाहिलंय तिच्या पाकिटात. आणि ती इलिनॉयलाच राहते.”

ग्रेडरवरून नाचाला गेलेली मुलगी ती हीच. तेवीस वर्षे ती ड्वेनची बायको होती, या घराची सून होती. सहा वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा याच पायरीवर अर्डिथ तिला म्हणाली होती, ‘माझ्या मुलाला तू एकटं टाकलंस,’ आणि डार्ला म्हणाली होती, ‘तुम्ही त्याला मोठा होऊच दिला नाहीत.’ त्यानंतर एक शब्द नाही. अर्डिथने तिची ॲपल पाय भाजायची काचेची थाळी मार्लिसच्या हाती परत पाठवली होती, स्वच्छ घासून, वर्तमानपत्रात गुंडाळून.

“ती येणार नाही,” अर्डिथ म्हणाली.

“विचारलं तर येईल.”

“विचारायचं कोणी?”

“मी विचारलं तर ती समजेल की माझंच काहीतरी काम आहे.” ड्वेन आईकडे बघत नव्हता. “तूच विचारायला हवं, आई.”

अर्डिथने फोन घेतला. बोटांनी आकडे दाबले जाईनात, म्हणून ते ड्वेनने दाबले. त्याला ते पाठ होते.

*

डार्ला धान्याच्या कोठारावर वजनकाट्यावर बसत असे. ऑक्टोबरात मक्याच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. अशा दिवशी काट्यावरून उठणे म्हणजे गावाशी वैर. फोनवरचा आवाज तिने लगेच ओळखला. एवढ्या हळू बोलणारी दुसरी बाई तिच्या माहितीत नव्हती.

“डार्ला, मी अर्डिथ. तुझ्याकडे ते कार्ड आहे का? बंदुकीचं?”

“आहे, मिसेस हॅवरकॅम्प.”

सहा वर्षांपूर्वी ती ‘आई’ म्हणायची.

“मर्लना काडतुसांत भरलंय. सगळेच्या सगळे. आज लिडियाचा दिवस आहे, आणि आमच्यापैकी कोणालाच त्यांना हात लावायची परवानगी नाही.”

डार्लाने काट्यावर उभ्या ट्रककडे पाहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

“चाकू आहे का तुमच्याकडे धारेचा?” ती म्हणाली. “आणि पिठाची चाळणी काढून ठेवा.”

वीस मिनिटांत ती पूल ओलांडून आली. व्हर्जिल घराच्या हद्दीपासून पावले मोजत होता. रस्त्याच्या कडेची पट्टी काउंटीची, ती अर्डिथची नव्हे आणि ड्वेनचीही नव्हे, असे त्याने ठरवले होते. तिथे घडीचे टेबल मांडले. डार्लाने स्वतः मार्लिसच्या गाडीतून खोकी काढली. बाकीच्यांना व्हर्जिलने दहा पावलांवर उभे केले.

“दहाच का?” डार्लाने विचारले.

“आकडा कायद्यात नाही,” व्हर्जिल म्हणाला. “पण काहीतरी अंतर पाहिजे.”

तिने पहिले काडतूस हातात घेतले, तोंडाकडची घडी चाकूने कापली आणि चाळणीवर उलटे केले. छर्रे वर राहिले, राख खालच्या वाडग्यात पडली. करडी, बारीक, वाऱ्याने एवढीशी उडाली तेव्हा अर्डिथ नकळत पाऊल पुढे आली, आणि व्हर्जिलने तिची बाही धरली.

“वहिनी. दहा.”

डार्लाने वाऱ्याच्या बाजूला पाठ केली आणि आपल्या अंगाचा आडोसा धरून दुसरे काडतूस कापले. दारूचा भाग खालच्या टोपीत तसाच ठेवून रिकामी नळी ती वेगळ्या डब्यात टाकत होती, सराईतासारखी. ड्वेन बघत होता. तिला काडतूस असे धरायला कोणी शिकवले, हा प्रश्न त्याला पडला. त्याने तर शिकवले नव्हते; लग्नाच्या आधीपासूनच त्याला बंदुकीला हात लावता येत नव्हता, आणि जिच्यामुळे, ती समोरच बसली होती.

एक पोलिसाची गाडी हळू झाली. काच खाली आली.

“सगळं ठीक आहे ना, बाई?”

“ठीक आहे. सासरे मोकळे करतेय.”

पोलिसाने टेबल पाहिले, चाळणी पाहिली, दहा पावलांवर ओळीत उभी असलेली तीन वयस्क माणसे आणि प्लास्टरवाली बाई पाहिली. डार्लाने पाकिटातून कार्ड काढून दाखवले.

“हे इलिनॉयचं आहे,” तो म्हणाला. “इथे असलं काही लागत नाही.” आणि तो निघून गेला. व्हर्जिलला त्याच्या बोलण्यात आणखी बरेच काही हवे होते. तो त्या गाडीच्या मागे बराच वेळ बघत राहिला.

अडीच वाजेपर्यंत एक खोके आणि वर आठ काडतुसे झाली. डार्लाच्या अंगठ्याला फोड आला होता.

“हे तुला कोणी शिकवलं?” अर्डिथने दहा पावलांवरून विचारले. एवढ्या हळू की डार्लाला हात थांबवून ऐकावे लागले.

“बाबांनी.” तिने मान वर केली नाही. “घटस्फोट झाल्यावर दुसऱ्या महिन्यात ते माझ्या दारात आले. म्हणाले, तू घरात बसून राहिलीस तर मला ड्वेनचा राग येईल आणि मला तो यायला नको आहे. चल, नेमबाजी शिकवतो. कार्डासाठी फोटोही त्यांनीच काढायला लावला. मग दर गुरुवारी. तिकडच्या मैदानावर.”

“दर गुरुवारी ते खिळे आणायला जायचे.”

“हो. परत जाताना दुकानापाशी थांबायचे. म्हणायचे, रिकाम्या हाताने गेलो तर अर्डिथ विचारेल.”

मार्लिसने प्लास्टरवर डावा हात ठेवला. सतरा डबे. सहा वर्षांचे गुरुवार.

तिला राग यायला हवा होता आणि ती त्याची वाट पाहत उभी राहिली. सत्तावन्न वर्षांत मर्ल तिच्याशी खोटे बोललेले तिला माहीत नव्हते, आणि आता कळले ते हे: तिने जे माणूस तोडले, ते त्यांनी तिला न दुखवता सांभाळले होते. राग आलाच नाही. भूक मात्र लागली, सकाळपासून पहिल्यांदा.

“मी कधी विचारलंच नसतं,” ती म्हणाली. “एवढ्या खिळ्यांचं काय करणार, एवढंच म्हणायचे मी त्यांना.”

“ते म्हणाले होते तुम्ही तसं म्हणता म्हणून.”

ड्वेन घसा खाकरून म्हणाला, “बाबांना उडवायचं होतं, आई. ते खरंच म्हणाले होते.”

“म्हणाले असतील.”

“मी हसावं म्हणून म्हणाले. मी हसलो, आणि मग मला वाटलं आता हे केलं पाहिजे.”

अर्डिथने त्याच्याकडे पाहिले. त्रेपन्न वर्षांचा मुलगा, हातात टोपी. मग तिने टेबलावरच्या वाडग्याकडे पाहिले. तळ झाकला गेला होता आणि वर दोन बोटे राख साचली होती.

“डार्ला, थांब आता. एवढे पुरे.”

“अजून दोनशेवर आहेत.”

“लिडिया नऊ दिवसांची होती. तिच्या शेजारी किती जागा लागणार? बाकीचे नदीवर उडू देत. क्लबवाले मंगळवारी येतील.” ती ड्वेनकडे वळली. “तुला बंदूक धरता येणार नाही. पण उभं राहून बघायला कायदा नाही म्हणत नाही. हो ना, व्हर्जिल?”

व्हर्जिलने फाइल उघडली, मग न वाचताच मिटली. “बघायला हरकत नाही.”

“मंगळवारपर्यंत ते कुठे राहतील?” मार्लिसने विचारले. “माझ्या गाडीत नाही. मला घरी जायचंय, आणि माझं घर पलीकडे आहे.”

सगळे डार्लाकडे पाहू लागले. तिने चाकू पुसून मिटला.

“माझ्याकडे राहतील,” ती म्हणाली. “माझ्याकडे कार्ड आहे.”

अशा तऱ्हेने मर्ल हॅवरकॅम्प, बायको, मुलगा, मुलगी आणि भाऊ असताना, घटस्फोटित सुनेकडे राहायला गेले, कारण दोन राज्ये आणि एक केंद्र मिळून त्यांच्यासाठी तेवढेच घर उरले होते.

*

टेकडीवर वारा होता. पास्टर ओटिएनो उघड्या डोक्याने उभे होते. डार्लाची गाडी फाटकाबाहेर लावलेली, मागच्या भागाला कुलूप. व्हर्जिलने तिला तीन वेळा विचारले की कुलूप लावलेय ना, आणि चौथ्यांदा स्वतः जाऊन, हात न लावता, नुसते वाकून पाहून आला.

लिडियाचा दगड गुडघ्याएवढाही नव्हता. शेजारी खड्डा. अर्डिथ गुडघ्यांवर बसली. बोटे सकाळसारखी वाकली होती. आज तिने गोळी घेतलीच नव्हती. वाडगा तिला तिरका करता येईना. डार्ला न सांगता शेजारी बसली आणि तिने खालून वाडग्याला हात लावला. राखेला हात लावायला कोणालाच मनाई नव्हती.

“रविवारी येऊ का?” अर्डिथने विचारले. “ह्यांना भेटायला.”

“चर्च झालं की या. ते मागच्या खोलीत असतील, तुम्ही स्वयंपाकघरात बसा. मधे भिंत आहे.” मग ती म्हणाली, “ॲपल पाय करीन. थाळी आहे माझ्याकडे.”

अर्डिथने मान हलवली. दोघींनी मिळून वाडगा उलटा केला. राख मातीवर पडली आणि तिच्याबरोबर एक बारीकसा छर्रा, चाळणीतून कसा कोण जाणे सुटलेला, खड्ड्याच्या कडेवरच्या दगडावर टपकून अर्डिथच्या गुडघ्यापाशी येऊन थांबला. मोहरीपेक्षा जरासा मोठा.

तिने तो चिमटीत धरायचा प्रयत्न केला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा आला. तळहातावर घेऊन तिने व्हर्जिलकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. सकाळपासून प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे कलम होते.

व्हर्जिलने फाइल काखेत घट्ट धरली आणि तो नदीकडे बघू लागला.

अर्डिथने हात खड्ड्यात, लिडियाच्या बाजूला, लांबवला आणि बोटे उघडली.

“राहू दे,” ती म्हणाली. “तिला खेळायला.”